शेर्गिनची विहीर

फ्योदोर शेर्गिन हा व्यापारी कंपनीचा माणूस. अलास्काहून फरची कातडी आणणाऱ्या रशियन-अमेरिकन कंपनीची एक पेढी सैबेरियात, लेना नदीकाठच्या याकुत्स्क गावात होती आणि शेर्गिन तिथला कारभारी होता. पाण्यासाठी नदी किंवा तळं गाठावं लागे. हिवाळ्यात तर पाणी म्हणजे फोडून आणलेल्या बर्फाच्या लाद्या. आपल्या आवारातच पाणी असावं म्हणून १८२८ साली त्याने विहीर खणायला घेतली.

गोठलेल्या मातीत पहार खुपसली जात नाही. काँक्रीट फोडताना उडतात तसे तिचे टवके उडतात. तरी शेर्गिनची माणसं खणत राहिली. पाणी लागेना, आणि गोठलेली माती संपेना. शहाण्या माणसाने तिथेच हात टेकले असते. पण अलास्काच्या वसाहतीचा प्रमुख म्हणून निघालेला फर्दिनांद फॉन व्रांगेल वाटेत याकुत्स्कला थांबला. तो ध्रुवप्रदेश पालथा घातलेला दर्यावर्दी होता. पाणी लागो न लागो, हे गोठणं कुठवर जातं ते तरी कळू दे, असा आग्रह त्याने धरला. १८३७ साली खोदाई थांबली तेव्हा विहीर ११६ मीटर खोल गेली होती. तळालाही माती गोठलेलीच होती. मुंबईतला अडतीस मजल्यांचा टॉवर उलटा करून त्या खड्ड्यात सोडला तर गच्ची जेमतेम तळाला टेकेल. आणि हे सगळं हातांनी.

माझी सगळी नोकरी मुंबईत पाइल, म्हणजे इमारतींच्या पायाचे खोल खांब, घालण्यात गेली, म्हणून मला या विहिरीचं अप्रूप. आमचा धंदा सरळ होता. वर भराव, त्याखाली खाडीचा काळा गाळ, मग मुरूम, मग खडक. रिग लावायची, बेंटोनाइट सोडायचं, खडक लागेपर्यंत जायचं, खडकात सॉकेट घ्यायचं, पिंजरा उतरवायचा, काँक्रीट ओतायचं. खडक गाठला की इंजिनिअर झोपायला मोकळा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर तेव्हा मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं मातीमोलाने मिळायची. त्यांतच मला निकोलाय त्सितोविच यांचं मृदा यांत्रिकीवरचं पुस्तक मिळालं. त्यात गोठलेल्या जमिनीबद्दल जे होतं ते वाचून मी चक्रावलो. या गृहस्थांना खडकाची गरजच वाटत नव्हती. ज्या चिखलाला आम्ही शिव्या घालत होतो, तो गोठलेला असेल तर त्यावर नऊ मजले उभे करता येतात, असं ते हिशेबासकट सांगत होते. अट एकच होती, ती पुढे येईल.

याकुत्स्क वसवलं कोसॅकांनी. प्योत्र बेकेतोव्हने १६३२ साली लेनाच्या उजव्या तीरावर लाकडी गढी बांधली आणि दहाएक वर्षांत ती डाव्या तीरावर, आताच्या जागी हलली. झारला हवा होता फर, आणि फर आणणाऱ्या माणसांना हवं होतं धान्य. १६४०च्या दशकात तिथल्या सुभेदारांनी मॉस्कोला कळवलं की इथे शेतीचं काही खरं नाही, भर उन्हाळ्यातही जमीन पुरती वितळत नाही. पर्माफ्रॉस्टबद्दलचा, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीबद्दलचा, हा बहुधा सर्वांत जुना सरकारी कागद असावा, आणि तो नापिकीच्या तक्रारीचा आहे याची मला गंमत वाटते. आपल्याकडच्या पैसेवारीच्या अहवालांची जातकुळी तीच.

युरोपातल्या विद्वानांना मात्र हे पटेना. योहान गेओर्ग ग्मेलिन हा निसर्गशास्त्रज्ञ १७३६ साली याकुत्स्कला राहून आला आणि जमीन खोलवर गोठलेली असल्याचं त्याने लिहून ठेवलं. पुढे लेओपोल्ड फॉन बूख यांच्यासारख्या नामवंत भूशास्त्रज्ञाने हा मजकूर विश्वासार्ह नाही म्हणून बाजूला सारला. ज्या जमिनीवर झुडपं वाढतात ती खाली कायमची गोठलेली कशी असेल, असा त्यांचा सवाल होता. सवाल घरात बसून केलेला असला तरी चुकीचा नव्हता. उत्तर असं की उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, याकुत्स्कजवळ साधारण दीड-दोन मीटर. झुडपं, गवत, लार्च वृक्षांची मुळं हे सगळं तेवढ्या थरावर जगतं. त्याच्याखालचं वितळत नाही. सलग दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ शून्याखाली राहिलेली जमीन ती पर्माफ्रॉस्ट, अशी आजची व्याख्या आहे. याकुत्स्कखाली ती हजारो वर्षं गोठलेली आहे.

बूखसाहेबांचा वाद शेर्गिनच्या विहिरीने मिटवला. कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीवर लेख लिहिला. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांना सैबेरियाच्या मोहिमेवर धाडलं आणि १८४४ साली ते याकुत्स्कला पोचले. मिडेनडॉर्फ त्या विहिरीत उतरले. वेगवेगळ्या खोलीवर भिंतींत आडवी भोकं पाडून त्यांत त्यांनी तापमापक बसवले. खाली जावं तसा पारा चढत होता, पण तळाशीही तो उणे तीनच्या आसपासच होता. चढण्याच्या या गतीवरून त्यांनी गोठलेल्या थराची जाडी दोनशे मीटरच्या घरात असल्याचा अंदाज बांधला. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त भरली. पुढच्या शतकात यंत्राने खोलवर भोकं पाडली तेव्हा त्या थराच्या खाली पाणीही सापडलं. म्हणजे शेर्गिनचा अंदाज बरोबर होता, खोलीच काय ती कमी पडली. पाण्यासाठी खणलेल्या या कोरड्या विहिरीइतकं काम भूशास्त्रात दुसऱ्या एखाद्या खड्ड्याने केलं असेल, असं मला वाटत नाही.

शेर्गिनने शेजारच्या साखा माणसांना विचारलं असतं तर खर्च वाचला असता. साखा म्हणजे याकुत लोक. दक्षिणेकडून, बैकालच्या बाजूने घोडे आणि गुरं घेऊन आलेले पशुपालक. ते विहिरी खणत नसत. हिवाळा लागताना तळ्यावर बर्फ पुरेसा जाड झाला की त्याच्या लाद्या कापायच्या, गाडीवर लादून आणायच्या आणि वर्षभर वितळवून प्यायच्या. उन्हाळ्यासाठीच्या लाद्या जमिनीखालच्या तळघरात ठेवायच्या. या तळघराला बुलूस म्हणतात. मांस, मासे, लोणी सगळं त्यातच. गोठलेल्या जमिनीत खोली खणली की झालं कोठार, वीज नको की यंत्र नको. हिवाळ्याचं घर म्हणजे बलगान: आत कललेल्या ओंडक्यांच्या भिंती, त्यावर माती आणि शेणाचा जाड लेप. शेणाने सारवलेलं घर उणे पन्नासमध्ये उभं राहतं हे वाचून आपल्याकडच्या माणसाला बरं वाटावं. उन्हाळा आला की गुरं घेऊन दुसऱ्या मुक्कामी, सायलिक नावाच्या उन्हाळी वस्तीवर जायचं.

गुरांना लागणारं गवत कुठून येतं, हा या गोष्टीतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग. तायगाच्या घनदाट अरण्यात मध्येच बशीसारखे गोल, सपाट तळाचे खोलगट माळ लागतात, मधोमध एखादं तळं. यांना अलास म्हणतात. साखांची वस्ती, चराई, लग्नसंबंध, गाणी, सगळं या अलासांभोवती फिरतं. हे माळ झाले कसे? लेनाच्या पूर्वेकडच्या मातीत बर्फाच्या प्रचंड पाचरी आहेत. कितीतरी ठिकाणी आकारमानाने अर्ध्याहून अधिक बर्फ आणि उरलेली माती. शेवटचं हिमयुग सरल्यावर, दहाएक हजार वर्षांपूर्वी हवा तापली, काही ठिकाणी हा बर्फ वितळला, जमीन बसली, खड्ड्यात तळं साचलं, तळं आटत गेलं आणि गवत आलं. म्हणजे ज्याला आज आपण संकट म्हणतो त्याच वितळण्याने ही संस्कृती पोसली. फरक वेगाचा आहे. अलास तयार व्हायला शतकं-सहस्रकं लागली, आणि तेव्हा त्यावर कुणाचं घर नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रान्ससैबेरियन रेल्वे आली आणि पर्माफ्रॉस्ट हा विषय अकादमीतून ठेकेदाराच्या गळ्यात पडला. बैकालपलीकडे आणि अमूरच्या खोऱ्यात स्टेशनच्या इमारती खचू लागल्या, पाण्याचे नळ गोठून फुटू लागले. काही घरांत तर अजब प्रकार झाला. घर गरम, म्हणून खालची जमीन वितळली. भोवतालची गोठलेली. मध्ये दाबाखाली कोंडलेलं भूजल मग वाट मिळेल तिथून, म्हणजे घराच्या जमिनीतून, उसळून वर आलं आणि खिडक्यांतून बाहेर पडता पडता गोठलं. १९१२ साली निकोलाय बोग्दानोव्ह या इंजिनिअरने अशा बांधकामांवर एक पुस्तकच लिहिलं. १९२७ मध्ये मिखाईल सुमगिन यांचा सोव्हिएत संघातल्या पर्माफ्रॉस्टवरचा ग्रंथ आला आणि या अभ्यासाला शास्त्राची बैठक मिळाली. देशाचा जवळजवळ निम्मा भाग गोठलेल्या जमिनीवर आहे, हे त्यानंतर मॉस्कोला नीट उमगलं. सुमगिन आणि त्सितोविच या दोघांनी मिळून १९३७ साली गोठलेल्या मातीच्या यांत्रिकीवर पुस्तक लिहिलं. फुटपाथवरून मी उचललेल्या पुस्तकाचं मूळ तिथे आहे.

आता ती अट. गोठलेल्या मातीत बर्फ हे सिमेंटचं काम करतं, तेव्हा बर्फ टिकवा. इमारतीची ऊब जमिनीत उतरू देऊ नका. त्यासाठी इमारत जमिनीवर टेकवायचीच नाही. खांबांवर उचलायची आणि खाली माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा सोडायची. हिवाळ्यात उणे चाळीसचा वारा त्या पोकळीतून वाहतो आणि उन्हाळ्यात शिरलेली उष्णता काढून नेतो. याकुत्स्कचं वीजकेंद्र १९३०च्या दशकात असं बांधलं गेलं. मोठ्या पक्क्या बांधकामात हे तत्त्व वापरण्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी ते एक. बॉयलरच्या धगीखालची जमीन गोठलेली ठेवायची, हे धाडस मला आजही थोर वाटतं.

पण शहरं उभी करायची तर याहून स्वस्त आणि झटपट काही हवं होतं. ते नोरिल्स्कमध्ये सापडलं. नोरिल्स्क हे १९३५ साली कैद्यांच्या छावणीतून जन्मलेलं निकेलचं शहर. आधी तिथेही आमच्यासारखंच, खडक लागेपर्यंत खणायचं आणि पाया बांधायचा, असा रिवाज होता. खणणारे कैदी, त्यामुळे मजुरीचा प्रश्न नव्हता. छावणी बंद झाली आणि माणसाच्या श्रमांना किंमत आली तेव्हा हा खर्च दिसू लागला. मिखाईल किम हा कोरियन वंशाचा इंजिनिअर स्वतः कैदी म्हणून तिथे आणला गेला होता आणि सुटल्यावर तिथेच राहिला होता. त्याने पाइलचा आग्रह धरला. गोठलेल्या जमिनीत भोक पाडायचं, त्यात माती-पाण्याचा रबडा ओतायचा, तयार काँक्रीटचा पाइल सोडायचा आणि वाट बघायची. जमीनच आपल्या थंडीने तो रबडा गोठवते आणि पाइलला चहूबाजूंनी जखडून टाकते. वरच्या अधिकाऱ्यांनी बराच विरोध केला. १९६६ साली किमला या कामासाठी लेनिन पारितोषिक मिळालं. ज्या राजवटीने कैद केलं त्याच राजवटीने पदक दिलं. सोव्हिएत इंजिनिअरांच्या चरित्रांत हे वळण वारंवार येतं.

पाइलवाल्या वाचकाला यातली मेख लगेच कळेल. हा पाइल टोकावर उभा नाही, तो अंगाच्या पकडीवर उभा आहे. आमच्या भाषेत स्किन फ्रिक्शन. आणि इथे ही पकड तापमानावर अवलंबून आहे. उणे तीनवर चिकणमाती पाइलला जितक्या ताकदीने धरते, उणे एकवर ती ताकद साधारण निम्म्यावर येते. लक्षात घ्या, दोन्ही वेळा जमीन गोठलेलीच असते. वितळण्याची वाटच पाहायला नको. नुसती थोडी कमी थंड झाली तरी पकड सुटू लागते. वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘वितळणाऱ्या पर्माफ्रॉस्ट’च्या बातम्यांत ही गोष्ट मी क्वचितच वाचली आहे.

निवृत्तीनंतर एका जुलैमध्ये मी याकुत्स्क पाहून आलो. जगातलं हे सर्वांत थंड मोठं शहर, वस्ती तीन लाखांच्या वर, आणि त्या आठवड्यात शर्ट अंगाला चिकटेल एवढं ऊन. आमच्या धंद्यातला माणूस इमारतीकडे वर बघत नाही, मी प्रत्येक ठिकाणी वाकून खालीच बघत होतो. काही पोकळ्या साफ होत्या. काहींमध्ये कचरा, जुनं फर्निचर आणि एका ठिकाणी तर हिरवट पाण्याचं डबकं. वरच्या सांडपाण्याचा पाइप गळत होता. गळणारं कोमट पाणी पाइलच्या मुळाशी मुरणं म्हणजे काय, हे सांगायला त्सितोविच लागत नाहीत. हिवाळ्यात पोकळीच्या तोंडाशी साठलेला बर्फही उपसावा लागतो, कारण भुसभुशीत बर्फ ही रजई आहे, तो थंडी आत जाऊ देत नाही. गरम पाण्याचे नळ सगळे जमिनीच्या वरून, जाड वेष्टण गुंडाळून नेलेले, आणि रस्ता आला की कमानीसारखे वर उचललेले. दिसायला ओंगळ, पण हिशेबी.

पर्माफ्रॉस्ट संस्थेच्या आवारात मॅमथचा पुतळा आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या संस्थेला पाव्हेल मेल्निकोव्ह यांचं नाव दिलेलं आहे. संस्थेच्या खाली, सुमारे बारा मीटरवर, गोठलेल्या जमिनीत कोरलेल्या प्रयोगशाळेत मला उतरवलं. अंगात उसना कोट. भिंती म्हणजे जुन्या नदीपात्राची वाळू, थरावर थर, मधूनच एखादं मूळ आणि छताला बर्फाची नाजूक फुलं. मी हाताने भिंत दाबून पाहिली. सिमेंटचा एक कण नसलेली ती वाळू आमच्या एम-२० काँक्रीटइतकी ठणठणीत लागली. बाहेर तीस अंश होते.

आता हिशेबाकडे येतो. पाइल किती लांब, किती जवळ, किती ओझं, हे सारं ठरवताना त्या इंजिनिअरांनी जमिनीचं तापमान जुन्या नोंदींवरून घेतलं आणि हवामान आहे तसंच राहील असं धरलं. त्यांना दोष देता येत नाही. नदीचा पूर काढताना आपण तेच करतो. आपल्या आयएस २९११ या मानकात पाइलला अडीच पट सुरक्षितता धरतात. तिथल्या नियमावलीत हा आकडा बराच कमी होता, कारण गोठलेल्या मातीवर त्यांचा विश्वास होता आणि लाखो लोकांना घरं द्यायची घाई होती. त्यात १९५५ मध्ये याकुत्स्कभोवतालच्या याकुतिया प्रांतात मीर नावाची हिऱ्यांची खाण सापडली, तेल सापडलं, वायू सापडला, आणि गोठलेल्या जमिनीवर गावांमागून गावं उठली. मुंबईच्या हिरेबाजारात येणारे आणि सुरतेत पैलू पडणारे कितीतरी कच्चे हिरे याच भूमीतले.

आणि मग ते गृहीतकच ढळलं. याकुत्स्कची वार्षिक सरासरी गेल्या अर्धशतकात दोन अंशांहून जास्त वर गेली. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. २००७ ते २०१६ या काळात जगभरच्या बोअरहोलमधल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी ०.२९ अंशाने वाढल्याचं दिसलं. पाव अंश हा आकडा ऐकायला किरकोळ आहे, पण तो एका दशकातला आहे, आणि पाइलला मिळणाऱ्या पकडीच्या तक्त्यात अर्ध्या अंशालाही वेगळी ओळ असते. २० जून २०२० रोजी आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला वेर्खोयान्स्क गावी ३८ अंश नोंदले गेले. याच गावात हिवाळ्यात उणे पासष्टच्या खाली पारा गेलेला आहे. खेड्यांत बुलूसमध्ये पाणी झिरपू लागलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांस टिकवणारी कोठारं निकामी होत आहेत. चुराप्चा गावाजवळ जिथे एके काळी विमानं उतरत होती, तिथे जमीन टेंगळांनी भरली आहे. टेंगळांच्या मधल्या घळी म्हणजे वितळलेल्या बर्फाच्या पाचरींच्या जागा. नव्या अलासाची ही पहिली पायरी.

गोठलेल्या जमिनीतल्या कार्बनबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. तो वातावरणातल्या कार्बनच्या साधारण दुप्पट आहे आणि कुजू लागला की तापमानवाढीत भर घालेल. ते खरंच आहे, पण तो माझा प्रांत नाही.

माझ्या प्रांतातली गोष्ट नोरिल्स्कची. २९ मे २०२० रोजी तिथल्या वीजकेंद्राची एक इंधनटाकी फुटली आणि वीस हजार टनांहून अधिक डिझेल बाहेर पडून अंबार्नाया नदीत उतरलं. नदी लाल दिसत असल्याची उपग्रहचित्रं जगभर फिरली. वीजकेंद्राच्या मालक कंपनीने लगेच पर्माफ्रॉस्टकडे बोट दाखवलं: जमीन वितळली, आधार खचले. पुढे सरकारी तांत्रिक चौकशीत पायाच्या बांधकामातले आणि देखभालीतले दोष निघाले आणि न्यायालयाने १४६ अब्ज रूबल भरपाई ठोठावली. मला यात दोन्ही बाजूंचं खरं वाटतं. जमीन तापते आहे यात शंका नाही. पण तापत्या जमिनीवर टाकी आहे हे ठाऊक असून तिच्या पायाकडे न बघणं, हे हवामानाने केलेलं नाही. शेर्गिनपासूनचा हा सारा इतिहास वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: इथे जमीन सगळ्यांत आधी तापवली ती माणसाने, चुलीने, बॉयलरने, गळक्या नळाने, जंगल तोडून. बातागाय गावाजवळची ती प्रसिद्ध महाकाय घळ आज एक किलोमीटर लांब आहे आणि तिच्या तळाशी साडेसहा लाख वर्षांपूर्वीची गोठलेली माती उघडी पडली आहे. तिची सुरुवात १९६०च्या दशकात झाडं तोडल्याने झाली. सावली गेली, बर्फ वितळू लागला, ती वाढतच गेली. आता वरून आभाळही तापतं आहे, त्यामुळे माणसाच्या चुका पचवण्याची जमिनीची ताकद संपत आली आहे. सोव्हिएत काळातली ढिलाई उणे चारच्या जमिनीने सोसली, उणे दीडची सोसणार नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे गूढ नाहीत. अलास्कातून तेल आणणाऱ्या नळाच्या खांबांत १९७७ पासून सव्वा लाखाच्या आसपास उष्णतावाहक नळ्या उभ्या आहेत. हिवाळ्यात त्या जमिनीतली ऊब आपोआप हवेत सोडतात, त्यांना वीज लागत नाही. याकुतियातही अशा नळ्या बसवतात. पैसे लागतात इतकंच. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पोकळी साफ ठेवणं, नळ दुरुस्त करणं आणि जमिनीचं तापमान मोजत राहणं. या शेवटच्या कामासाठी रशियाने २०२३ मध्ये कायदा करून देशभर मोजणीच्या ठाण्यांचं जाळं उभारायला घेतलं. मिडेनडॉर्फ यांनी तापमापक बसवल्याला तोवर १७९ वर्षं झाली होती.

हे मराठीत लिहिण्याचं कारण आपल्याही देशात पर्माफ्रॉस्ट आहे. लडाखमध्ये साधारण पाच हजार मीटरच्या वर तो आढळतो, आणि त्या उंचीवर आपण रस्ते, खिंडी, छावण्या, विजेचे मनोरे बांधत आहोत. सीमा रस्ते संघटनेत आणि तिथल्या ठेकेदारांकडे काम करणारी मराठी पोरं मला अधूनमधून फोन करतात आणि मातीचा रिपोर्ट पाठवतात. त्यात एसपीटीचे आकडे असतात, ओलावा असतो, पाण्याची पातळी असते. तापमानाचा रकाना नसतो. बोअरहोलसाठी रिग त्या उंचीवर चढवण्यातच निम्मा खर्च होतो, आणि तो झालेलाच असतो. तेव्हा या मुलांना माझं सांगणं आहे: भोक बुजवण्याआधी त्यात तापमापकांची एक तार सोडा, दहा मीटरपर्यंत, आणि किमान दोन हिवाळे तिच्या नोंदी घ्या. वरिष्ठांनी कशाला म्हणून विचारलं तर डिझाइनसाठी लागतं म्हणून सांगा. लागतंच.